नाळेतलं रक्त आणि विमा
प्रसूतिगृहांत नाव नोंदवलेल्या जोडप्यांनी हे आधीच समजून घ्यावं. नाळ कापल्यावर तिच्या शिरेत सुई घालून मूळपेशी असलेलं रक्त पिशवीत घेतात. पुढे ते द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सिअसच्या आसपास साठवतात. पॉलिसीत बाळंतपणाचा खर्च मिळत असला, तरी या साठवणुकीचे पैसे सहसा मिळत नाहीत. रक्तविकारांवरचं मूळपेशी प्रत्यारोपण मात्र विमा नियामकाने २०१९च्या सूचनांनी विम्यात आणलं. बाळाच्या स्वतःच्या भावी उपयोगासाठी साठवण करण्याला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचीही शिफारस नाही. आजार जनुकीय असेल, तर तोच दोष साठवलेल्या पेशींतही असणार! थोरल्या भावंडाला थॅलेसेमिया असेल तर गोष्ट वेगळी; बाळाच्या पेशी त्याच्या उपयोगी पडू शकतात. तिथे रक्तविकारतज्ज्ञांचा सल्ला प्रसूतीपूर्वीच घ्या. ‘विमा मिळेल’ असं कुणी सांगितलं, तर साठवणुकीच्या करारावर सही करण्याआधी विमा कंपनीकडून तसं लेखी मागा.