सूर्यप्रकाश, विद्युत्संचय आणि गोडे पाणी

लक्षद्वीपच्या प्रवाळबेटांवर नदी नाही, ओढाही नाही. पावसाचे जे पाणी वाळूत मुरते ते खालच्या खाऱ्या पाण्याहून हलके असल्यामुळे त्याच्यावर पातळ थराच्या रूपाने तरंगत राहते. विहिरींना लाभते ते हेच. उपसा फार झाला की खालचे खारे पाणी वर चढते आणि विहीर निकामी होते. म्हणून समुद्राचे पाणी गोडे करणे, म्हणजेच निर्लवणीकरण, ही तेथील निकडीची गरज आहे.

चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने २००५ साली कवरत्ती बेटावर दररोज १ लक्ष लिटर गोडे पाणी देणारे संयंत्र उभारले. त्यात पृष्ठभागावरचे उबदार पाणी निर्वात पात्रात सोडतात. त्याचा अल्पसा अंश वाफ होऊन उडतो, आणि सुमारे ३५० मीटर खोलीवरून आणलेल्या थंड पाण्याच्या साहाय्याने ती वाफ पुन्हा द्रवरूप होते. उष्णतेसाठी येथे इंधन जाळावे लागत नाही. परंतु पंप विजेवर चालतात, आणि बेटावरील वीज दीर्घकाळ मुख्यतः डिझेलवर अवलंबून राहिली. हे डिझेल मुख्य भूमीवरून समुद्रमार्गे आणावे लागते.

निर्लवणीकरणाची अधिक प्रचलित पद्धत व्यस्त तर्षणाची होय. एक लिटर समुद्रजलात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. असे पाणी ५५ ते ७० वातावरणांइतक्या दाबाने सूक्ष्म पटलावर ढकलले असता पाणी पार होते व क्षार मागे राहतात. यासाठी दर हजार लिटरांमागे साधारणपणे ३ ते ४ युनिट वीज लागते. वाटेतील हानी सोडली तर तेवढ्या शक्तीने तेच पाणी हजार मीटरांहून अधिक उंच चढविता येईल!

ही वीज सूर्यापासून घ्यावी, हा विचार सहज सुचतो. पण ढग आला की वीज घटते आणि सायंकाळी ती थांबते. पंप वारंवार बंद-चालू होणे पटलांना मानवत नाही. दीर्घकाळ थांबण्यापूर्वी ती गोड्या पाण्याने धुवावी लागतात. येथे बॅटरी उपयोगी पडते. ढगाच्या काही मिनिटांपुरती लहान बॅटरीही पुरेशी असते.

रात्रीचा प्रश्न मात्र वेगळा आहे. रोज १ लक्ष लिटर पाणी देणाऱ्या व्यस्त तर्षणाच्या संयंत्रास ३०० ते ४०० युनिट वीज लागते. सूर्य आठ तास उपयोगी पडतो असे धरले, तर उरलेल्या सोळा तासांसाठी २०० ते २७० युनिट साठवावे लागतील. साठविताना व परत घेताना काही वीज वाया जाईल ती निराळीच. दुसरा मार्ग असा की, सगळे पाणी दिवसाच करून टाकीत साठवावे. १ लक्ष लिटरांची टाकी म्हणजे पाच मीटरांहूनही कमी लांबी, रुंदी व उंचीचा हौद. टाकी झिजत नाही; बॅटरीची धारणशक्ती वर्षांगणिक घटते. मोठ्या बॅटरीचे आकर्षण कितीही वाटले, तरी साधा हौद हादेखील शक्तीचाच साठा आहे, हे विसरता येत नाही.

तथापि हौदाचा मार्गही फुकटचा नव्हे. आठ तासांत दिवसाचे पाणी करायचे तर पंप व पटले तिप्पट क्षमतेची हवीत, आणि ती सोळा तास स्वस्थ पडून राहणार. बॅटरी स्वस्त झाली की लहान संयंत्र अहोरात्र चालविणे परवडते. महाग असेल तर हौद सरस ठरतो. पहिल्या मार्गाची दिशा लक्षद्वीपमध्ये दिसू लागली आहे. ३ जानेवारी २०२४ रोजी तेथे कडमत बेटावरील रोज दीड लक्ष लिटरांचे निर्लवणीकरण संयंत्र आणि कवरत्ती येथील बॅटरीयुक्त सौर विद्युत्प्रकल्प यांचे एकाच दिवशी उद्घाटन झाले. मात्र ही दोन कामे दोन निरनिराळ्या बेटांवरची आहेत.