इंधनाची बचत की गाडीचा भरवसा?

पावसाळ्यातील एखाद्या अपरात्री सत्तरी तालुक्यातील वाड्यावर घरच्या वडीलधाऱ्या माणसाच्या छातीत कळ येते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलाविता येते व ती बोलवावीच. परंतु पुष्कळदा घरचीच गाडी काढून बांबोळीच्या गोमेकॉ इस्पितळाकडे धाव घेतली जाते. त्या क्षणी गाडी लिटरमागे किती किलोमीटर धावते, हा विचार कोणाच्याही मनात येत नाही. चावी फिरविताच ती सुरू होते की नाही, एवढेच महत्त्वाचे ठरते. तथापि तीच गाडी खरेदी करताना विचारला जाणारा पहिला प्रश्न असतो, तो ‘ॲव्हरेज किती देते?’ हा.

हा प्रश्न गैर नव्हे. मात्र पेट्रोलचा खर्च दर महिन्याला डोळ्यांना दिसतो, तर बिघाडाचा खर्च अवचित येतो. त्यामुळे तो आधीच्या हिशेबात धरला जात नाही. दोन्ही खर्च वर्षाकाठच्या रुपयांत मांडून पाहिले, तर निर्णय पुष्कळच सोपा होतो.

समजा, एका कुटुंबाची जुनी गाडी वर्षाला ६,००० किलोमीटर धावते आणि लिटरमागे १२ किलोमीटर देते. तिला वर्षाला ५०० लिटर पेट्रोल लागते. १५ किलोमीटर देणारी गाडी घेतल्यास ४०० लिटर लागेल. २० देणारी घेतल्यास ३००. त्याहून पुढे जाऊन २५ किलोमीटर देणारी गाडी घेतली, तरी २४० लिटर लागणारच. म्हणजे १२ वरून १५ वर जाताना १०० लिटर वाचतात, पण २० वरून २५ वर जाताना केवळ ६०. जाहिरातीतील आकडा जसजसा वाढत जातो, तसतशी प्रत्येक जादा किलोमीटरमागची खरी बचत आटत जाते, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही.

सोयीसाठी लिटरचा दर १०० रुपये धरू. १५ आणि २० किलोमीटर देणाऱ्या गाड्यांच्या इंधनखर्चात वर्षाला १०,००० रुपयांचा फरक पडतो. दुसरी गाडी ८०,००० रुपयांनी महाग असेल, तर ती रक्कम भरून निघावयास आठ वर्षे लागतील. याउलट रोज लांबच्या शाळेत जाणाऱ्या, वर्षाला १८,००० किलोमीटर गाडी चालविणाऱ्या शिक्षकाला तोच फरक ३०,००० रुपयांचा पडतो आणि जादा रक्कम तीन वर्षांच्या आत वसूल होते. तेव्हा वापर किती, हे आधी ठरवावे.

कंपनीने दिलेला आकडा प्रयोगशाळेत रोलरवर, ठरावीक वेगक्रमाने गाडी चालवून काढलेला असतो. तेथे चोर्ला घाट नसतो, म्हापशाच्या बाजाराची गर्दीही नसते. शिवाय २०२५ पासून पंपांवर मिळणारे पेट्रोल बहुतांशी २० टक्के इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉलमधील ऊर्जा लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी असल्याने प्रत्यक्ष ॲव्हरेज थोडे घटते. फार जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या व सील यांकडेही अशा पेट्रोलमुळे अधिक लक्ष पुरवावे लागते.

भरवशाचे माप मात्र कोणत्याही पत्रकात छापलेले नसते. ते तालुक्याच्या गॅरेजमध्ये मिळते. त्या बनावटीची कोणती गाडी वारंवार दुरुस्तीला येते, सुटे भाग जवळ मिळतात की आठ-आठ दिवस वाट पाहावी लागते, हे तेथील मेकॅनिक बिनदिक्कत सांगतो. नुकत्याच बाजारात आलेल्या गाडीपेक्षा चार-पाच वर्षे रस्त्यावर राहून उणिवा उघड झालेली, साध्या रचनेची गाडी खेड्यातील कुटुंबाला अधिक उपयोगी पडते. डिझेल गाडीचे ॲव्हरेज चांगले, हेही खरेच. परंतु १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बी.एस. ६ मानकांनंतरच्या डिझेल गाड्यांत काजळी अडविणारा फिल्टर असतो. साचलेली काजळी जळून जाण्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. घर ते बाजार एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्याचा हा फिल्टर तुंबतो आणि वाचविलेले पैसे गॅरेजमध्ये जातात.

हाताशी असलेली गाडी खरोखरच बदलण्याजोगी झाली आहे काय, हेही आधी पाहावे. बॅटरी, रेडिएटरचे होजपाईप, क्लच यांच्या किरकोळ दुरुस्तीने कित्येक गाड्या आणखी काही वर्षे बिनतक्रार चालतात. किनाऱ्याकडील खाऱ्या हवेत तळाच्या पत्र्याला आणि चासीला गंज चढला असेल, तर मात्र मोह आवरावा. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे तपासणीनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. तो मुक्काम निर्णयासाठी सोयीचा आहे.

वापरलेली गाडी घेणाऱ्याने सर्व्हिसिंगची नोंद आग्रहाने मागावी आणि थंड इंजिन आपल्यासमोर सुरू करावयास लावावे. मालकी हस्तांतराची नोंद करण्यासाठी खरेदीदाराने ३० दिवसांच्या आत अर्ज करणे कायद्याने आवश्यक आहे. बेळगावहून किंवा अन्य राज्यातून गाडी आणून ती १२ महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवावयाची असल्यास येथील नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ‘ना हरकत’ प्रमाणपत्र हाती आल्यावाचून गाडीची पूर्ण रक्कम चुकती करू नये.