हातात होज, पाणी नाही

कोबे (जपान) : दर १७ जानेवारीला पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी हे शहर दिवे लावून उभं राहतं. १९९५ साली त्या घटकेला झालेल्या भूकंपात ६,४३४ माणसं गेली. मृतांची आठवण जपानी माणूस नेमाने जपतो. त्यांना ढिगाऱ्यातून काढणाऱ्यांचं पुढे काय झालं, हे विचारायला मात्र इथेही वेळ लागला.

नागाता हा कोबेचा दाटीवाटीचा भाग. लाकडी घरं, बुटांचे छोटे कारखाने. अग्निशमन दल पोचलं तेव्हा जमिनीखालचे पाइप फुटलेले, हायड्रंट कोरडे. जवानांनी होजला होज जोडत समुद्राचं पाणी आणलं, तर रस्त्यावरच्या गाड्या त्यावरून गेल्या आणि होजही फुटले. समोर आग, शेजारच्या ढिगाऱ्यातून हाका. आधी कुठे धावायचं? त्यात लोकांचे शिव्याशाप, ‘पाणी का मारत नाही?’ जवानांच्या मनात जे रुतून बसलं, त्यात मृतदेहांइतकीच ही हतबलताही होती.

पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर जडणारा मानसिक आजार, हे नाव जपानच्या घराघरांत पोचलं ते १९९५ सालीच. महिना उलटला तरी तेच दृश्य डोळ्यांपुढे येतं, धुराच्या वासाने छाती धडधडते, झोप उडते, घरी अबोला धरला जातो. पण दलात कोणी विचारलं, तर ठरलेलं उत्तर येतं : ‘मी ठीक आहे.’ वरिष्ठांना काय वाटेल, उद्या कामावरून बाजूला काढतील का, ही धास्ती असते.

२०११च्या त्सुनामीत हे दुखणं आणखी खोल गेलं. जपानच्या गावांत स्वयंसेवी अग्निशमन पथकं असतात. त्यांत दुकानदार, कोळी, शेतकरी असे गावचेच लोक. समुद्राचे दरवाजे बंद करताना आणि गावकऱ्यांना हलवताना त्यांतले अडीचशेहून अधिक जण मृत किंवा बेपत्ता झाले. उरलेल्यांनी आपल्याच गावात शोध घेतला. चिखलातून निघणारा देह कधी शेजाऱ्याचा, कधी सोबत्याचा.

जपानने यातून काही व्यवस्था उभ्या केल्या. २००३ पासून मोठ्या दुर्घटनेनंतर अग्निशमन दलाच्या मदतीला मानसोपचारतज्ज्ञांचं पथक जातं. २००४ मध्ये कोबेतच मानसिक आघातावर उपचार आणि संशोधन करणारं केंद्र सुरू झालं. २०११ मध्ये लष्कराच्या तुकड्या दिवसाचं काम संपलं की छोट्या गटाने बसून बोलत. मात्र बळेच बोलतं करून आजार टळत नाही, हे जगभरच्या अभ्यासांतून पुढे आलं आहे. म्हणून भर असतो तो पाळीपाळीने विश्रांती, सोबत्यांची नजर आणि नंतरच्या पाठपुराव्यावर.

या साऱ्याचं मर्म एवढंच, की जवान स्वतःहून मदत मागेल याची वाट पाहायची नाही. मदत त्याच्या ड्युटीतच बसवायची. इथेही ते सगळीकडे साधलेलं नाही. छोट्या गावांतली पथकं अजून बरीचशी एकाकी आहेत. पण दिशा बरोबर आहे.

आणि आपल्याकडे? २०२३च्या जुलैत दरडीखाली गाडल्या गेलेल्या इर्शाळवाडीतली शोधमोहीम थांबली तेव्हा ५७ माणसं मातीखालीच राहिली होती. त्या डोंगरावरून रिकाम्या हातांनी उतरलेल्या जवानांची, पोलिसांची आणि ट्रेकर पोरांची विचारपूस पुढे कोणी केली का, हे महाराष्ट्राने आपल्या सरकारला विचारायला हवं.