चंद्रग्रहणाची दीप्ती व वर्ण

खग्रास अवस्थेत चंद्र पूर्णपणे पृथ्वीच्या प्रच्छायेत (दाट छायेत) असूनही सहसा अदृश्य होत नाही. पृथ्वीच्या कडेवरील वातावरणातून जाताना सूर्यप्रकाशाचे प्रणमन होते व तो छायेच्या आत वळतो. वाटेत निळ्या प्रकाशाचे प्रकीर्णन (विखुरणे) झाल्यामुळे चंद्रावर मुख्यतः तांबडा प्रकाश पडतो. छायेच्या कडेशी कधी कधी दिसणारी निळसर झाक मात्र ओझोनामुळे येते. हा वायू नारिंगी-तांबड्या प्रकाशाचे शोषण करतो.

सर्व ग्रहणे सारखी दिसत नाहीत. चंद्र छायेच्या मध्याजवळून गेला, तर तो अधिक काळवंडतो; ही बाब गणिताने आधीच काढता येते. गणिताने न उलगडणारा फरक उरतो तो वातावरणामुळे, आणि खरे महत्त्व त्यालाच आहे.

फ्रेंच ज्योतिर्विद आंद्रे ल्वी दांझाँ (१८९०–१९६७) यांनी १९२१ मध्ये तुलनेसाठी पाच पायऱ्यांची श्रेणी सुचविली. तीत ० म्हणजे जवळजवळ अदृश्य चंद्र, १ करडा वा तपकिरी, २ गंजासारखा गडद तांबडा, ३ विटकरी व ४ तेजस्वी तांब्यासारखा वा नारिंगी. एकाच ग्रहणाला दोन निरीक्षक वेगवेगळे अंक देतात, हा तिचा दोष होय. दीप्तीचा सौर डागांच्या चक्राशी दांझाँ यांनी जोडलेला संबंधही पुढे सर्वमान्य झाला नाही.

प्रत ठरविणे अधिक विश्वसनीय असते. द्विनेत्री दुर्बिण उलटी धरून एका डोळ्याने चंद्राचे लहान झालेले बिंब पाहतात व दुसऱ्या, मोकळ्या डोळ्याने दिसणाऱ्या ताऱ्याशी त्याची तुलना करतात. दहापट वर्धनाची दुर्बिण उलटी धरल्यास चंद्र सु. ५ प्रतींनी मंद दिसतो. तेवढी दुरुस्ती करावी लागते.

बाली बेटावरील आगुंग ज्वालामुखीच्या १९६३ मधील उद्रेकानंतर ३० डिसेंबर १९६३ रोजी ग्रस्त चंद्राची प्रत सु. +४ पर्यंत उतरली. पौर्णिमेच्या चंद्राची प्रत –१२.७ असते, म्हणजे प्रकाश सु. पन्नास लक्ष पटींनी घटला. असा काळोख राखेपेक्षा स्थितांबरात दीर्घकाळ तरंगणाऱ्या सल्फ्यूरिक अम्लाच्या सूक्ष्म थेंबांमुळे पडतो. म्हणूनच फिलिपीन्समधील पिनातूबोच्या जून १९९१ मधील उद्रेकाला दीड वर्ष लोटल्यावरही ९ डिसेंबर १९९२ चे ग्रहण अतिशय गडद झाले.