समुद्रफुलाला जागा निवडू द्या

अ‍ॅशबर्नहून अटलांटिकचा किनारा मोटारीने तीन तासांहून अधिक लांब. तरीही दिवाणखान्यात समुद्र मांडणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. काचेची टाकी, सागरी मीठ, एलईडी दिवे आणि पंप एवढ्यावर प्रवाळांची छोटी बाग उभी राहते. ‘फाइंडिंग निमो’ (२००३) पाहिलेल्या मुलांचा मग एकच हट्ट असतो: निमो हवा आणि त्याचे घरही हवे. हे घर म्हणजे समुद्रफूल. निमो सहज रमतो, खरी परीक्षा असते ती त्याच्या घराची.

नाव फुलाचे असले तरी समुद्रफूल हा प्राणी आहे, जेलीफिश आणि प्रवाळांचा नातेवाईक. मुंबई-कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी त्याचे भाऊबंद दिसतात. विदूषक माशांना आसरा देणाऱ्या जातींच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. ते प्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. म्हणूनच जागेचा प्रश्न या प्राण्यासाठी पोटापाण्याचा प्रश्न असतो.

समुद्रफुलाचा तळवा खडकाला चिकटलेला असतो, पण तो कायमचा नव्हे. प्रकाश कमी पडला किंवा प्रवाह मानवला नाही, की ते सरकू लागते. वाटेत प्रवाळांना त्याचे दंश होतात आणि पंपात ओढले गेले तर चिंधड्या उडतात. मेलेले समुद्रफूल कुजून अख्ख्या टाकीचे पाणी नासवू शकते. पंपाच्या तोंडाला जाळी किंवा स्पंज आधी लावायचा, समुद्रफूल नंतर आणायचे.

घरगुती टाकीसाठी ‘बबल टिप’ (एन्टॅकमेआ क्वाड्रिकलर) ही जात त्यातल्या त्यात सोशिक. तिला तळवा खोल कपारीत लपवून शुंडके उजेडात पसरायला आवडते. म्हणून मध्यम उंचीवर कपारीचा दगड ठेवावा, आजूबाजूला प्रवाळ नसावेत. सोडताना पंप थोडा वेळ बंद करावा, तळवा कपारीकडे करावा आणि मग हात काढून घ्यावा. पुढची निवड त्याची. नको त्या जागी बसले तरी ओढून काढू नये, तळवा फाटतो आणि ती जखम बहुधा जीवघेणी ठरते.

समुद्रफुलाला ना हाडे, ना कवच. शरीर ताठ राहते ते आतल्या पाण्याच्या दाबावर, त्यामुळे क्षारतेचे चढउतार त्याला लगेच जाणवतात. व्हर्जिनियातल्या हिवाळ्यात हीटरमुळे घरातली हवा कोरडी होते आणि टाकीतले पाणी भराभर उडते. मीठ मात्र मागे राहते. लिटरला ३५ ग्रॅम मीठ असलेल्या २०० लिटरच्या टाकीतून १० लिटर पाणी उडाले, तर हे प्रमाण जवळपास ३७ वर जाते. ही तूट रोज, गोड्या शुद्ध पाण्याने भरावी. नळाचे पाणी थेट ओतू नये. त्यातली जंतुनाशके या प्राण्याला बाधतात.

टाकी नवी असताना पाण्याचे गुणधर्म सतत बदलत असतात, म्हणून निदान सहा महिने, शक्य तर वर्षभर थांबावे. विकत घेताना तोंड मिटलेले, तळवा घट्ट आणि रंग तपकिरी किंवा हिरवट छटेचा आहे ना, ते पाहावे. पांढरेफटक समुद्रफूल सुंदर दिसते, पण त्याने आपले शैवाल गमावलेले असते. बबल टिप दुभंगून वाढते, त्यामुळे समुद्रातून काढलेल्यापेक्षा दुसऱ्याच्या टाकीत वाढलेले मागावे.

गंमत म्हणजे निमोसारखा दिसणारा ‘ऑसेलॅरिस’ मासा निसर्गात बबल टिपमध्ये राहत नाही. टाकीत मात्र तो पुष्कळदा हे घर स्वीकारतो.

एवढा खटाटोप कशासाठी? स्कॉटलंडमध्ये १८२८ साली सर जॉन डॅलियल यांनी किनाऱ्यावरून एक साधे समुद्रफूल आणून बरणीत ठेवले. डॅलियल १८५१ साली गेले. पुढे इतरांनी सांभाळलेले ते ‘ग्रॅनी’ १८८७ पर्यंत जगले. ना विजेचा पंप, ना दिवे. होते ते नियमितपणे बदललेले समुद्राचे पाणी. समुद्रफूल आणायचे ते इतक्या लांबच्या सोबतीची तयारी ठेवूनच.