नऊवारी, झिरझिरीत झगा आणि आग

डिसेंबर-जानेवारी आला की शाळाशाळांतून स्नेहसंमेलनाची तयारी सुरू होते. जालना जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यातील शाळेतही त्या दिवसांत दोन पोशाख हमखास दिसतात. एक म्हणजे लावणीसाठी आणलेली झगमगीत नऊवारी आणि दुसरा म्हणजे 'परीच्या नाचा'चा जाळीदार, फुगीर झगा. हे दोन्ही पोशाख एकाच प्रश्नाची दोन उत्तरे आहेत. अंगभर वस्त्र ल्यालेल्या स्त्रीला नाचायचे असेल, तर पाय मोकळे कसे ठेवायचे? एकोणिसाव्या शतकात युरोपने आणि महाराष्ट्राने या प्रश्नाची उत्तरे आपापल्या परीने दिली. त्यांपैकी एका उत्तराची किंमत फार मोठी होती, आणि ती शिक्षकांना माहीत असणे आवश्यक आहे असे आम्हांला वाटते.

आधी थोडी भूमिती पाहू. पायघोळ घागरा म्हणजे दोन्ही पायांभोवती असलेली एकच नळी. तिचा खालचा घेर १२० सेंटिमीटर असेल, तर ती चपटी केल्यावर तिची रुंदी ६० सेंटिमीटर भरते. पाऊल साधारण तेवढेच लांब पडू शकते. घेर वाढवला तर पाऊल मोकळे होते, पण कापडाचे वजन वाढते आणि ते पायांत अडकते. युरोपातील श्रीमंत स्त्रियांनी १८५६ च्या सुमारास यावर पोलादी कड्यांच्या सांगाड्याचा उपाय काढला. त्याने कापड पायांपासून दूर राहिले, पण असा पिंजरा कमरेला बांधून उंच उडी घेता येत नाही.

रंगमंचावरील नर्तकींची वाट त्यापूर्वीच वेगळी झाली होती. १८३२ मध्ये पॅरिसला 'ला सिल्फीद' या नृत्यनाट्यात मारी टाग्लिओनी पायांच्या बोटांवर उभी राहून नाचली. तिच्या पायांचे काम दिसावे म्हणून झगा घोट्यांच्या वर घेतलेला होता, आणि ती हवेत तरंगते आहे असे वाटावे म्हणून तो पांढऱ्या, झिरझिरीत कापडाच्या थरांचा होता. १८०९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये जॉन हीथकोट याने जाळी विणणारे यंत्र तयार केल्यामुळे अशी हलकी जाळी मुबलक मिळू लागली होती. पुढे हा झगा आखूड होत गेला. नाचाचा पोशाख रोजच्या पोशाखापासून पूर्णपणे तुटला, तो असा.

महाराष्ट्रात तसे घडले नाही. नऊ वार म्हणजे सुमारे ८.२ मीटर कापड. मधला भाग दोन्ही पायांमधून मागे घेऊन कमरेला खोचला की एका नळीच्या दोन नळ्या होतात आणि प्रत्येक पाय स्वतंत्र होतो. शेतात वाकणारी, डोक्यावर हारा घेऊन चालणारी बाई जे नेसत होती, तेच नेसून लावणीची नर्तकी फडावर उभी राहिली. कासोटा, घट्ट बसलेल्या निऱ्या आणि मोकळे घोटे असल्यामुळे घुंगरू बांधता येतात, दिसतात आणि वाजतात. नाचासाठी वेगळे वस्त्र शोधावेच लागले नाही.

आता आगीकडे वळू. त्या काळी पॅरिसच्या रंगमंचावर उघड्या ज्योतीचे गॅसचे दिवे असत. १५ नोव्हेंबर १८६२ रोजी तालमीच्या वेळी एमा लिव्ही या तरुण नर्तकीच्या झग्याला दिव्याची झळ लागली आणि क्षणात तो पेटला. आठ महिने यातना भोगून जुलै १८६३ मध्ये ती गेली. तेव्हा ती अवघी विशीची होती. दुर्दैव असे की कापड आगीला दाद देणार नाही असा उपाय तेव्हा उपलब्ध होता. पण त्या प्रक्रियेने झगा कडक व मळकट दिसतो म्हणून तिने तो नाकारला होता.

झिरझिरीत कापड इतक्या वेगाने का पेटते? खरे तर कापूस थेट जळत नाही. कापसातील सेल्युलोज सुमारे ३०० ते ३५० अंश सेल्सिअसला विघटित होऊन ज्वलनशील वाफा सोडते, आणि त्या वाफा जळतात. जाड ओंडका चुलीत लवकर पेट घेत नाही, पण पऱ्हाट्या भडकतात, हे आपल्या भागातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. कापडाचेही तसेच आहे. पातळ कापडात तापवायला वस्तुमान कमी असते, जाळीच्या छिद्रांतून ऑक्सिजन भरपूर मिळतो, आणि फुगीर झग्याखालची तापलेली हवा धुराड्यातल्याप्रमाणे वर झेपावते. अंगालगत घट्ट नेसलेले जाड सुती लुगडे त्या मानाने सावकाश पेटते. ते पेटत नाही असे मात्र नाही.

आगीला रोखण्याचा उपाय फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅक याने १८२१ मध्येच अभ्यासला होता. त्याने अमोनियम फॉस्फेट व टाकणखार यांसारख्या क्षारांचा उपयोग दाखवला. अमोनियम फॉस्फेट तापले की फॉस्फोरिक आम्ल तयार होते. ते सेल्युलोजमधून पाणी खेचून घेते. मागे कोळसा उरतो आणि ज्वलनशील वाफा कमी होतात. हा क्षार जालन्यातल्या कपाशीच्या शेतकऱ्याच्या घरी पोत्याने असतो, कारण डीएपी खत म्हणजे डायअमोनियम फॉस्फेटच.

वर्गासाठी एक प्रयोग सुचवतो. १०० मिलिलिटर कोमट पाण्यात १० ग्रॅम डीएपी विरघळवून द्रावण गाळून घ्या. सुती कापडाच्या बोटभर रुंद पट्ट्या कापा, त्यांतील दोन द्रावणात भिजवून पूर्ण वाळवा. मोकळ्या जागी, वाळूच्या परातीवर, लांब चिमट्यात उभी धरून एकेक पट्टी शिक्षकांनीच पेटवावी. मुले दोन मीटर दूर असावीत आणि पाण्याची बादली जवळ असावी. साधी पट्टी वरपर्यंत जळत जाईल. भिजवलेली ज्योतीपाशी काळी पडेल आणि ज्योत दूर नेली की बहुधा विझेल. दुसरी भिजवलेली पट्टी पाण्यात खळखळून धुऊन, वाळवून पेटवून पाहा. ती पुन्हा साध्या कापडासारखी जळेल, कारण क्षार धुपून गेलेला असतो.

या प्रयोगाची मर्यादाही मुलांना सांगायला हवी. आजच्या शिवलेल्या नऊवाऱ्या व परीचे झगे बहुधा पॉलिएस्टर वा नायलॉनचे असतात, आणि त्यांवर हा उपाय चालत नाही. पॉलिएस्टर सुमारे २६० अंशांना वितळते. वितळलेले थेंब कातडीला चिकटून खोल भाजतात. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे शाळेच्या समारंभात मांडवाला आग लागली आणि ४०० हून अधिक माणसे दगावली. त्यांत बहुतेक मुले होती. वरचा मांडव कृत्रिम धाग्याच्या कापडाचा होता.

म्हणून संमेलनाच्या यादीत या गोष्टी असाव्यात. समई, कापूर, फुलबाज्या आणि तापणारे दिवे नाचणाऱ्या मुलींपासून दूर ठेवावेत. शक्यतो सुती आणि अंगालगतचा पोशाख निवडावा. मांडवाला किमान दोन मोकळ्या वाटा असाव्यात. पडद्यामागे जाड सुती चादर आणि पाणी ठेवावे. कपडे पेटले तर पळायचे नाही, जमिनीवर आडवे होऊन लोळायचे, हे प्रत्येक मुलीकडून तालमीतच एकदा करून घ्यावे. भाजलेल्या जागी वीस मिनिटे नळाचे साधे पाणी सोडावे, चिकटलेले कापड ओढू नये, आणि लगेच दवाखाना गाठावा.

लावणीची पावले बसवायला आपण महिना देतो. या तयारीला एक तास पुरतो.