शिवराई नाणी : संग्रह व प्रतवारी

मराठी राज्यातील तांब्याचे चलनी नाणे. रायगडावर ६ जून १६७४ रोजी झालेल्या राज्याभिषेकाच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराजांनी ते पाडण्यास आरंभ केला. दर्शनी बाजूस ठिपक्यांच्या वर्तुळात ‘श्री / राजा / शिव’ अशा तीन ओळी आणि मागील बाजूस ‘छत्र / पति’ अशा दोन ओळी, हे त्याचे नेहमीचे रूप होय. तत्कालीन बहुतेक नाण्यांवर फार्सी मजकूर असताना येथे देवनागरी लिपी योजिलेली दिसते. जुन्या शिवराईचे वजन बहुधा ११ ते १३ ग्रॅ.च्या आसपास असते. बाजारहाटातील किरकोळ देवघेव याच नाण्याने होत असल्यामुळे ते विपुल प्रमाणात पाडले गेले, हातोहाती झिजले आणि आजही मोठ्या संख्येने आढळते.

नाण्यावर शिवछत्रपतींचे नाव असले, तरी ते त्यांच्याच कारकीर्दीतील असेल असे नाही. हेच नाव घालून शिवराया पाडण्याची प्रथा त्यांच्यानंतरही चालू राहिली आणि उपलब्ध नाण्यांतील पुष्कळशी अठराव्या शतकातील आहेत. पेशवाईत टांकसाळी चालविण्याचे परवाने खाजगी व्यक्तींनाही दिले जात. ठसे कोरणारे कारागीर अनेक असल्यामुळे ‘शिव’, ‘शीव’, ‘सिव’, ‘सीव’ असे लेखनभेद निर्माण झाले. मागील बाजूच्या दोन ओळींमध्ये दोन समांतर रेषा असलेली ‘दुदांडी’ शिवराई ही उत्तरकालीन असून वजनाने सामान्यतः हलकी असते. अमेरिकन मिशनरी जस्टिन ई. ॲबट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शिवराईच्या हजारो नमुन्यांची पाहणी करून या भेदांची पहिली पद्धतशीर नोंद केली. ही नोंद मोठ्या संख्येने एकत्र मिळालेल्या, सामान्य प्रतीच्या नाण्यांमुळेच शक्य झाली.

प्रतवारीची तत्त्वे : नाण्याची झीज, त्याचा छाप, पृष्ठभाग आणि त्याला झालेली इजा यांवरून त्याची प्रत ठरविणे म्हणजे प्रतवारी. या शास्त्राचा एक प्रसिद्ध मानदंड अमेरिकेतील तांब्याच्या जुन्या सेंट नाण्यांवरून तयार झाला. १७९३ ते १८५७ या काळातील हे मोठे सेंट आरंभी सु. १३.५ ग्रॅ. व १७९५ च्या अखेरीपासून सु. १०.९ ग्रॅ. वजनाचे होते, म्हणजे आकारमानाने ते शिवराईच्या जवळचे ठरतात. विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये त्यांच्यासाठी १ ते ७० गुणांची श्रेणी सुचविली. केवळ ओळख पटण्याइतपत उरलेल्या नाण्यास १ व निर्दोष नाण्यास ७० गुण, अशी तिची मांडणी असून गुणांच्या प्रमाणात किंमत वाढते, हे तिच्यामागील मूळ गृहीत होते. किंमतीचे हे गणित पुढे टिकले नाही. श्रेणी मात्र जगभर रूढ झाली.

ही श्रेणी शिवराईला जशीच्या तशी लागू पडत नाही. सेंट यंत्रावर पाडले जात. त्यामुळे त्यांचा नवा छाप कसा असतो हे निश्चितपणे सांगता येते. शिवराई हाताने पाडली जाई. ऐरणीत बसविलेल्या खालच्या ठशावर तांब्याची चकती ठेवून वरच्या ठशावर हातोड्याचा घाव घालीत. ठसा पुष्कळदा चकतीपेक्षा मोठा असल्यामुळे लेखाचा काही भाग नाण्याबाहेरच राही. घाव तिरपा पडल्यास एक बाजू ठळक व दुसरी पुसट उमटे. म्हणून प्रत ठरविताना पुढील गोष्टी वेगवेगळ्या पाहाव्या लागतात : (१) लेखाची किती अक्षरे चकतीवर आली, (२) छाप मध्यभागी आहे की सरकलेला, (३) अक्षरांच्या कडा वापराने किती बोथट झाल्या, (४) पृष्ठभागावर काट, खाचा किंवा घासल्याच्या खुणा आहेत काय, (५) वजन त्या प्रकाराला साजेसे आहे काय. मूळचाच पुसट छाप आणि पुढील झीज यांत भेद करता येणे ही खरी कसोटी होय. झिजलेल्या नाण्यात उंच भाग आधी सपाट होतात व गुळगुळीत दिसतात. छाप कमी पडलेल्या नाण्यात अक्षर अपुरे असते. पण लगतच्या ठळक अक्षराची कड तीक्ष्ण राहते.

पृष्ठभाग व स्वच्छता : तांब्यावर कालांतराने तपकिरी किंवा हिरवट थर चढतो. घट्ट व एकसारखा थर धातूचे रक्षण करतो आणि नाण्याच्या जुनेपणाचीही साक्ष देतो. याउलट फिकट हिरवी, भुकटीसारखी सुटणारी बुरशीवजा पूड ही क्षारांमुळे चालू असलेल्या गंजाची खूण असते. असे नाणे कोरड्या जागी इतरांपासून वेगळे ठेवणे आवश्यक असते. देवघरातील तांब्याच्या भांड्यांप्रमाणे नाणी चिंचेने किंवा लिंबाने घासण्याची सवय सर्वाधिक हानिकारक ठरते. आम्लाने थर निघून जातो, नाणे गुलाबी चकाकते, बारीक ठिपके व मात्रा पुसल्या जातात. लेखनभेद ओळखण्याचा आधार नेमका तोच असल्यामुळे ही हानी भरून निघत नाही. ओतीव बनावट नाणी कडेवरील सांध्याची रेघ, पृष्ठभागावरील बारीक छिद्रे व मवाळ अक्षरे यांवरून बहुधा ओळखता येतात.

संग्रह व निधी : वाशिम जिल्ह्यातील रिसोड हे वऱ्हाड व मराठवाडा यांच्या सीमेजवळील तालुक्याचे गाव. हा प्रदेश १८०३ पर्यंत निजाम व नागपूरकर भोसले यांच्या दुहेरी अंमलाखाली होता, पुढे निजामाकडे राहिला आणि १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली आला. अशा सरहद्दीच्या मुलखात नाणे कोणत्या राजाचे याइतकेच ते कोठे व कोणत्या नाण्यांबरोबर सापडले, याला महत्त्व असते. याचे उत्तम उदाहरण याच जिल्ह्यात मंगरूळपीर तालुक्यातील तऱ्हाळा येथे मिळते. तेथे १९३९ मध्ये सातवाहनांच्या मिश्रधातूच्या सु. १,६०० नाण्यांचा निधी सापडला. एका बाजूस हत्ती व दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह असलेली ही नाणी बाजारमूल्याने क्षुद्रच होती. परंतु वा. वि. मिराशी यांनी त्यांचे वाचन केल्यावर कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी व शक सातकर्णी ही पुराणांच्या वंशावळीत न आढळणारी नावे उजेडात आली. निधीतील निवडक ठळक नाणी तेवढी ठेवून बाकीची मोडीत गेली असती, तर ही माहिती हाती लागण्याचा संभव फारच कमी होता.

भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ अन्वये जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मूल्याच्या निधीची लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक आहे. १९७२ च्या अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तू ठरतात व खाजगी व्यक्तीस ती देशाबाहेर पाठविता येत नाहीत. नाशिकजवळील अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेत या विषयाच्या अभ्यासाची सोय आहे. संग्राहकाने प्रत्येक नाण्याबरोबर त्याचे वजन, व्यास, दोन्ही बाजूंचे वाचन आणि प्राप्तिस्थान यांची नोंद ठेवणे इष्ट असते. प्रत नाण्याची किंमत सांगते. त्याचा इतिहास मात्र या नोंदीवरूनच कळतो.